खांदा दुखतोय? आधी हात दुसऱ्याला उचलू द्या

प्रश्न : वय ५२. दोन महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते आणि पूर्ण वर गेला की कळ थांबते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. सगळे म्हणतात ‘फ्रोझन शोल्डर’ आहे. तसंच असेल का?

तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. फ्रोझन शोल्डर म्हणजे आखडलेला खांदा, पण खांद्याचं कुठलंही दुखणं असलं की लोक हेच नाव घेतात. घरच्या घरी एक तपासणी करा. हात सैल सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी तो हळूहळू वर उचलायला सांगा. स्वतः उचलताना दुखतं किंवा हात अडतो, पण दुसऱ्याने उचलला तर बराच वर जातो, असं असेल तर दोष बहुधा स्नायूंत किंवा कंडरांत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांत) आहे. दुसऱ्यालाही तो उचलता येत नसेल, तर सांधाच आखडला आहे.

कळ ‘मध्येच’ का येते, तेही समजून घ्या. खुब्याचा सांधा खोल वाटीसारखा असतो. खांद्याचा सांधा म्हणजे वाटी कसली, उथळ बशीच! दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा एका वेळी तिच्यावर टेकलेला असतो. त्यामुळे हात चहूकडे फिरतो, पण डोकं जागेवर ठेवायचं काम मुख्यतः मऊ भागांवर येतं. बशीच्या काठाला लॅब्रम नावाची कडा असते, तिने थोडी खोली मिळते. बाकीची राखण रोटेटर कफचे चार स्नायू करतात : सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड हात उचलताना हाडाचं डोकं वर खेचतो, तेव्हा हे चौघे ते बशीच्या मधोमध दाबून धरतात. ते थकले किंवा कंडरा झिजली की हे दाबून धरणं ढिलं पडतं. मग साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात सुप्रास्पायनेटसच्या कंडरेवर आणि तिच्यावरच्या बर्सा या पातळ पिशवीवर ताण येऊन कळ उठते.

उपाय असा. दोन-तीन आठवडे डोक्यावरची कामं कमी करा, पण हात झोळीत अडकवून ठेवू नका. कोपर ९० अंशांत वाकवून अंगाला लावा आणि मध्ये घडी केलेला टॉवेल धरा. भिंतीला समांतर, उजवी बाजू भिंतीकडे करून उभे राहा आणि पंजाची मागची बाजू भिंतीवर अर्ध्या जोराने १० सेकंद दाबा. असं ५ ते १० वेळा, दिवसातून दोनदा. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल, तर जोर कमी करा. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि बारा आठवडे तरी चिकाटीने करा. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणं, इथेच बहुतेकांचं चुकतं. झोपताना डाव्या कुशीवर वळा आणि दुखरा हात छातीपुढच्या उशीवर ठेवा.

एमआरआयची घाई नको. पन्नाशीनंतर काहीच दुखत नसलेल्यांच्या खांद्यातही कंडरा फाटलेली दिसू शकते. मात्र पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला असेल, तर वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ताजी फाटलेली कंडरा लवकर शिवलेली बरी.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. चार महिन्यांपासून तिला डाव्या हाताने वेणी घालता येत नाही, पाठीमागे हात जात नाही. मालिशने सुटेल का?

हा मात्र फ्रोझन शोल्डर असू शकतो. मधुमेहात तो जास्त आढळतो. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आक्रसतं. ओळख अशी : कोपर अंगाला लावून ९० अंशांत वाकवलं की पंजा बाहेरच्या बाजूला फिरत नाही, दुसऱ्याने फिरवला तरीही नाही. संधिवात वगैरे नाही ना, हे पाहायला एकदा एक्स-रे काढावा.

मालिशने वरचे स्नायू सैल होतील, आतलं आवरण नाही. आणि जोर लावून हात ‘मोकळा करणं’ तर टाळाच. दुखण्याच्या काळात त्याने सूज वाढते. सुरुवातीला झुलता व्यायाम पुरे : पुढे वाकायचं, चांगला हात टेबलावर टेकायचा, दुखरा हात लोंबता सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने लहान वर्तुळं काढायची, दोन्ही दिशांनी दहा-दहा. दुखणं ओसरलं की भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीच्या काळात आराम देतं, पण त्यानंतर काही दिवस साखर वाढते. ती रोज तपासा. खांदा मोकळा व्हायला एक ते तीन वर्षंही लागतात. काहींत थोडा ताठरपणा राहतो.

प्रश्न : खेळताना मुलाचा खांदा निखळला. मैदानावरच ओढून बसवला तर?

नको. हाड मोडलेलं असलं तर ओढण्याने ते सरकतं. शिवाय बहुतेक खांदे पुढच्या बाजूला निखळतात आणि जवळूनच ॲक्सिलरी नर्व्ह ही नस जाते, तिला इजा होऊ शकते. हात आहे त्या स्थितीत झोळीने आधार द्या, कापडात गुंडाळून बर्फ लावा, खायला-प्यायला देऊ नका आणि रुग्णालयात न्या. बसवल्यानंतरही एक्स-रे हवाच. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका बराच असतो, कारण लॅब्रम बहुधा सुटून आलेली असते. म्हणून दुखणं थांबलं तरी लगेच खेळायला सोडू नका.

प्रश्न : खांदा हलवला तरी काही होत नाही, तरी दुखतोच. असं का?

मग दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं. कळ कोपराखाली बोटांपर्यंत जाऊन मुंग्या येत असतील, तर मान तपासा. चालताना किंवा जिना चढताना खांदा दुखतो, सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर हृदयाचं कारण धरून ताबडतोब रुग्णालय गाठा. उजवा खांदा जेवणानंतर दुखत असेल, तर पित्ताशयाचाही विचार करावा. पित्ताशयाच्या वर असलेल्या श्वासपटलाची (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची) नस आणि खांद्याच्या त्वचेच्या नसा मानेतल्या त्याच पातळीवरून निघतात, म्हणून पोटातली तक्रार खांद्यात जाणवते.