अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये रक्ताच्या गुठळ्या जास्त गंभीर का ठरतात?

फक्त जनुकांकडे बोट दाखवून भागत नाही. फॅक्टर व्ही लायडन हा गुठळ्यांचा धोका वाढवणारा परिचित आनुवंशिक दोष साधारण 5 टक्के गोऱ्यांत असतो, कृष्णवर्णीयांत क्वचितच. तरी गुठळ्यांचं प्रमाण आणि फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू त्यांच्यातच जास्त. फॅक्टर आठ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची वाढलेली पातळी आणि सिकलसेल ट्रेट (सिकलसेलचं एकच सदोष जनुक असणं) यांचा वाटा आहेच.

पण मला जास्त खटकतो तो निदानातला उशीर. पायातल्या गुठळीमुळे येणारी लाली गडद त्वचेवर चटकन दिसत नाही, म्हणून टेप लावून मोजावं: गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटीमीटर खाली, दोन्ही पोटऱ्यांचा घेर. 3 सेंटीमीटरहून जास्त फरक असला की संशय बळावतो. डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. पल्स ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. धाप लागत असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका, धमनीतलं रक्त तपासायला सांगा.

उपचारातही तफावत आहे. अपिक्साबॅनसारखी रक्त पातळ ठेवणारी नवी औषधं कृष्णवर्णीयांना कमी लिहून दिली जातात, वॉरफरिन हे जुनं औषध जास्त. वॉरफरिनवर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, 2 ते 3 दरम्यान ठेवायला वारंवार रक्त तपासावं लागतं. विमा तुटपुंजा असला की तपासण्या चुकतात. मग पुन्हा गुठळी, नाहीतर रक्तस्राव.