‘अनडिस्प्युटेड’ म्हणजे वादातीत का?

प्रश्न : मी बारावीत आहे. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये बॉक्सिंगच्या लढतीत ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवलं, तेव्हा बातम्यांत त्याला ‘अनडिस्प्युटेड चॅम्पियन’ म्हटलं होतं. कोशात ‘वादातीत’ असा अर्थ मिळाला. पण तीनपैकी एका पंचाने तर फ्युरीला जास्त गुण दिले होते. मग उसिक वादातीत कसा? – एक वाचक, बार्शी

उत्तर : याच शब्दाशी मीही अडलो होतो. तालुका न्यायालयात अनुवादक म्हणून नुकताच लागलो होतो. बांधाच्या एका दाव्यात ‘अनडिस्प्युटेड फॅक्ट्स’ आलं आणि मी बेधडक ‘वादातीत बाबी’ लिहिलं. शिरस्तेदारांनी ते खोडून वर लिहिलं, ‘उभयपक्षी वाद नसलेल्या बाबी’. मला जवळ बसवून म्हणाले, वादीने दाव्यात मांडलं आणि प्रतिवादीने कैफियतीत, म्हणजे आपल्या लेखी उत्तरात, नाकारलं नाही, एवढंच हा शब्द सांगतो. खरंखोटं तो सांगत नाही. बांध कुणाचा हे अजून ठरायचंच होतं! तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी विचारतो, वाद घालू शकणारा कोण होता?

वाद घालायला जागाच नसेल तर ‘इनडिस्प्युटेबल’. आपलं ‘वादातीत’ ते. कोशांनी दोन्हींना एकाच ओळीत बसवलं, याचं मला वाईट वाटतं.

आता तुझा उसिक. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना आपापला विजेता ठरवतात आणि त्याला किताबाचा पट्टा देतात. चारही पट्टे एकाच्याच कमरेला आले की त्या वजनगटात किताबावर दावा सांगणारा दुसरा उरत नाही. लढत २-१ अशी सुटली तरी फरक पडत नाही. पुढचं बघ. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने फ्युरीला पुन्हा हरवलं, या वेळी तिन्ही पंचांनी त्याला ११६-११२ दिले. तरीही त्या रात्री तो ‘अनडिस्प्युटेड’ नव्हता, कारण आयबीएफचा पट्टा त्याने मधल्या काळात सोडला होता आणि तो डॅनियल डुब्वाकडे होता. जुलै २०२५ मध्ये डुब्वाला हरवल्यावर हे विशेषण त्याला परत मिळालं.

निवडणुकीतल्या ‘बिनविरोध’साठी मात्र ‘अनअपोज्ड’ वापर. १९७७ मध्ये नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले ते तसे.

तुझ्या बातमीत मी ‘चारही किताबांचा मानकरी’ असं लिहिलं असतं.