पगारावर टॅक्सच बसत नाही, मग मालक पॅन कार्ड कशाला मागतो?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही कारखान्यात हेल्पर आहात, 14 हजार पगार, त्यावर इन्कम टॅक्स बसत नाही, तरी ऑफिसवाले पॅन कार्ड आणा म्हणून मागे लागलेत. आणि भावाची चहाची टपरी आहे, त्यालाही पॅन लागतं का. खाली दोघातिघांनी "पॅन काढलं की सरकारच्या नजरेत येता, काढूच नका" असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी सीए नाही. नाशिकला अंबड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, त्याआधी सात वर्षं मुकादमाच्या हाताखाली हजेरीवर वेल्डिंग केलंय, म्हणजे कामगार होतो तेव्हा मीही हेच म्हणायचो की आपल्याला काय करायचंय पॅन घेऊन, आपण कुठे टॅक्स भरतो.

तर 2016 च्या फेब्रुवारीत मी स्वतःचं पहिलं लेबर काम घेतलं. एका कंपनीच्या शेडचं स्ट्रक्चर, मटेरियल त्यांचं, माणसं माझी, बिल झालं 1 लाख 40 हजार. चार पोरं होती हाताखाली, त्यांची मजुरी, ग्राइंडिंग व्हील, रॉड, येण्याजाण्याचा खर्च असं धरून मला पंधराएक हजार सुटतील असा हिशोब होता. बँकेत जाऊन बघतो तर 1 लाख 12 हजारच जमा. मी तडक अकाउंट्सला गेलो भांडायला, तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, तुमचं पॅन नाही ना, मग 20 टक्के टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स). पॅन असतं तर 1 टक्का, म्हणजे 1,400 रुपये गेले असते, माझे गेले 28 हजार. पोरांची मजुरी द्यायला मेव्हण्याकडून पैसे घेतले.

आणि खरी गंमत पुढे आहे. ते 28 हजार कंपनीने खाल्ले नव्हते, सरकारकडे रीतसर भरले होते. पण भरताना माझा नंबरच नव्हता, त्यामुळे ते पैसे माझे आहेत हे तिकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे बघा, माझं त्या वर्षीचं उत्पन्न टॅक्स बसण्याइतकं नव्हतंच, पूर्ण पैसे परत मिळायचा मला हक्क होता, पण मागणार कोणाच्या नावाने. मग धावत जाऊन पॅन काढलं, ते घेऊन कंपनीत गेलो, त्यांच्या टीडीएस रिटर्नमध्ये करेक्शन करून माझा नंबर टाका म्हणून त्या अकाउंटंटच्या मागे चार महिने फिरलो (दर वेळी "पुढच्या आठवड्यात बघू"), शेवटी त्याने टाकला, मग माझ्या 26एएस मध्ये (आपल्या पॅनवर किती टॅक्स जमा झाला ते दाखवणारा इन्कम टॅक्सचा उतारा) ती रक्कम दिसली, मग रिटर्न भरलं आणि दिवाळीनंतर रिफंड आला. आला पूर्ण, पण तोपर्यंत मेव्हण्याने दोनदा विचारून झालं होतं.

पॅन म्हणजे टॅक्स नव्हे हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. पॅन घेतल्याने एक रुपयासुद्धा टॅक्स लागत नाही, टॅक्स उत्पन्नावर लागतो. पॅन हा फक्त खातेवहीतला तुमचा पान नंबर आहे, तुमच्या नावाने कोणी काही कापलं तर ते त्या पानावर चढतं. पान नसेल तर कापणारा कापतोच, वर जास्त कापतो.

आता तुमच्या पगाराचं. 14 हजाराने वर्षाचे होतात 1 लाख 68 हजार. इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत टॅक्स नाहीच आणि सूट धरून 12 लाखांपर्यंतचं उत्पन्नही सुटतं (शेअरचा नफा वगैरे वेगळा), त्यामुळे तुमच्या पगारातून टीडीएस कापायचा प्रश्न नाही, पॅन असो नसो. आणि स्लिपवर दर महिन्याला जे 200 रुपये कापलेले दिसत असतील (फेब्रुवारीत 300), तो इन्कम टॅक्स नाही, तो महाराष्ट्र सरकारचा व्यवसाय कर आहे, प्रोफेशन टॅक्स म्हणतात तो. आमच्याकडे निम्मी पोरं त्यालाच इन्कम टॅक्स समजतात आणि "आम्ही पण टॅक्स भरतो" म्हणून सांगतात, बरं, खोटं नाही म्हणा ते.

मग मालक मागतो कशाला? बहुतेक वेळा पीएफसाठी. यूएएनच्या (म्हणजे तुमच्या पीएफ नंबरच्या) केवायसीत आधार, बँक आणि पॅन तिन्ही जोडायचं असतं. आज तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, नोकरी सोडाल तेव्हा कळेल. पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला आणि रक्कम 50 हजार किंवा जास्त असली तर टीडीएस लागतो, पॅन जोडलेलं असेल तर 10 टक्के, नसेल तर 20. आमच्याकडचा एक वेल्डर तीन वर्षांनी गावी गेला, लातूरकडे, त्याचे पीएफचे 62 हजार झाले होते आणि पॅन जोडलेलं नव्हतं, 12,400 कापून आले. पॅन असतं तर 6,200 कापले असते, आणि उत्पन्न टॅक्सच्या खाली आहे असा फॉर्म लिहून दिला असता तर तेही नाही. पण तो फॉर्मसुद्धा पॅनशिवाय चालत नाही, हे लोकांना माहीत नसतं. फिक्स्ड डिपॉझिटच्या व्याजाचंही तसंच आहे, आईवडिलांच्या नावाने एफडी असेल तर त्यांचं पॅन बँकेत दिलेलं आहे का ते जरूर बघा.

(कलमांचे नंबर मुद्दाम देत नाहीये, कारण 1 एप्रिल 2026 पासून इन्कम टॅक्सचा 1961 चा कायदा जाऊन 2025 चा नवीन आलाय आणि सगळे नंबर बदललेत. पॅन मात्र तेच आहे, नवीन काढा असं कोणी सांगितलं तर तो तुम्हाला गंडवतोय.)

भावाचं म्हणाल तर टपरी आहे म्हणून पॅन लागत नाही असं काही नाही. धंद्याची वर्षाची विक्री 5 लाखांच्या वर जाणार असेल तर पॅन काढणं कायद्याने बंधनकारक आहे. विक्री म्हणतोय, नफा नाही. 5 लाख ऐकून मोठा आकडा वाटतो पण रोजचे साधारण 1,370 रुपये झाले, नाश्त्याच्या वेळेला चालणारी टपरी चहा आणि क्रीमरोल धरून तेवढा गल्ला सहज करते. त्यातून टॅक्स बसेलच असं नाही, तो नफ्यावर बसतो, पण नंबर हवा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी करंट खातं उघडायला गेला की पहिलं पॅन मागतात, मुद्राचं कर्ज मागायला गेला की बँक त्याच नंबरवर जुनी उधारी तपासते. ऑनलाइन विकणाऱ्यांना तर थेट फटका आहे, आमच्या शेजारच्या वहिनी घरून चकल्या-लाडू करून एका अ‍ॅपवर विकतात, अशा छोट्या विक्रेत्याची वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असली आणि पॅन किंवा आधार दिलेलं असलं तर अ‍ॅपवाले टीडीएस कापत नाहीत, नसेल दिलं तर 5 टक्के.

एक गोष्ट मला खूपजण विचारतात, "दुकानाच्या नावाने पॅन काढायचंय". एकट्याचा धंदा असेल तर दुकानाचं वेगळं पॅन नसतंच हो. मालकाचं जे पॅन तेच दुकानाचं, बोर्डावर श्रीगणेश म्हणा नाहीतर न्यू महालक्ष्मी म्हणा. भागीदारी केली तर मात्र फर्मचं वेगळं आणि प्रत्येक भागीदाराचं स्वतःचं वेगळं. हे नंबर बघूनच ओळखता येतं, पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर माणसाचं, एफ असेल तर भागीदारी फर्मचं, सी असेल तर कंपनीचं. कोणत्याही दुकानाचा जीएसटी नंबर बघा, महाराष्ट्राचा असेल तर 27 ने सुरू होतो, गोव्याचा 30 ने, आणि त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे मालकाचं पॅन, जसंच्या तसं. म्हणजे पॅनशिवाय जीएसटी नंबर बनूच शकत नाही, त्याच्या पोटातच पॅन आहे.

पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. माझ्या बायकोचं पॅन लग्नाआधीचं, तिच्या नंबरात अजून माहेरचं अक्षर आहे, कार्डावरचं नाव बदलून घेतलं तरी नंबर बदलत नाही, ती म्हणते एवढं एक ठिकाण माझं राहिलं. चेष्टा बाजूला, पण आपल्याकडच्या बायकांना याच नावांवरून भयंकर त्रास होतो, पॅनवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, मग दोन्ही जोडायला गेलं की नाव जुळत नाही म्हणून अडतं. आधी एका ठिकाणचं नाव दुरुस्त करून दोन्ही सारखं करा, मगच जोडा. ज्यांनी जोडलं नाही त्यांचं पॅन 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय झालंय, आता जोडायला 1,000 रुपये दंड भरावा लागतो, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे जवळपास नसल्यासारखंच, रिफंड अडतो आणि टीडीएस जास्त कापला जातो. आणि कंटाळून दुसरं नवीन पॅन काढू नका, दोन पॅन ठेवली तर 10 हजार दंड आहे.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो तेव्हा मीही तुमच्या मालकासारखाच पॅन मागतो आणि पोरं माझ्याकडे संशयाने बघतात. माझी उलाढाल एक कोटीच्या वर गेल्यापासून ठेकेदारांच्या बिलातून मला टीडीएस कापावा लागतो, आणि मी पॅन न घेता 1 टक्काच कापला तर उरलेले 19 टक्के डिपार्टमेंट माझ्याकडून मागतं, व्याजासकट. झालंय तसं. एका पेंटिंगवाल्याने पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवलं, त्यात ओ च्या जागी शून्य, मी 60 हजारांच्या बिलावर 600 कापले, सिस्टिमने नंबर चुकीचा धरला आणि मला 11,400 ची डिमांड आली. नंतर दुरुस्त झाली पण धावपळ माझी. तेव्हापासून मी कार्डाचा फोटोच मागतो आणि मोजून बघतो, पहिली पाच नेहमी अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर, त्यामुळे कुठे ओ आणि कुठे शून्य ते जागेवरूनच कळतं.

टेम्पोवाल्यांचं तर याहून भारी आहे. ज्याच्याकडे दहा किंवा कमी मालगाड्या आहेत त्याने पॅन देऊन तसं लिहून दिलं तर भाड्यातून टीडीएस शून्य. नाही दिलं तर 20 टक्के. माझा एक टेम्पोवाला दोन महिने "कार्ड घरी आहे" सांगत होता, शेवटी त्याला कागदावर आकडा मांडून दाखवला, संध्याकाळी कार्ड हजर.

आता नजरेत येण्याचं. तुमचं आधार, बँक खातं, मोबाईल, यूपीआय सगळं आधीच जोडलेलं आहे, पॅन न काढून तुम्ही लपत नाही. भीती बाळगायची तर झेरॉक्सची बाळगा. पॅनची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, द्यावीच लागली तर वर आडवं लिहा कशासाठी दिली आणि तारीख टाका. दुसऱ्याच्या पॅनवर फर्म उघडून बिलं फाडण्याचे प्रकार होतात आणि नोटीस त्या बिचाऱ्याला येते. इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन करून वर्षातून एकदा एआयएस (आपल्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांची यादी) बघत जा, आपल्या नावावर नको ते व्यवहार तर नाहीत ना.

काढायचं कसं ते सोपं आहे. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर इन्स्टंट ई-पॅन आहे, आधारवर ओटीपी येतो, फुकट आणि बहुतेक वेळा दहाएक मिनिटात पीडीएफ मिळते, तीच सगळीकडे चालते. प्लास्टिकचं कार्ड हवंच असेल तर त्याचे थोडे पैसे. सायबरवाला 500 मागेल, देऊ नका. फक्त दोन गोष्टी आधी बघा, आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख पाहिजे, नुसतं वर्ष असेल तर ई-पॅन निघत नाही. आमच्या एका हेल्परचं आत्ता तिथेच अडलंय, शाळा सोडल्याचा दाखला गावाहून मागवलाय, सोमवारी त्याला आधार सेंटरला पाठवतोय. भावाचं आधार काढून बघा, त्यावर तारीख आहे का वर्ष, आणि इथेच खाली कळवा.