लो शुगरचा अलार्म 70 वर ठेवावा की 80 वर?

तुम्हाला टाईप 1 मधुमेह आहे, नुकताच शुगर सतत मोजणारा सेन्सर लावलाय. 70 वर अलार्म ठेवला तर खायला उशीर होतो आणि 80 वर ठेवला तर तो इतक्यांदा वाजतो की घरचे वैतागतात, असं तुम्ही लिहिलंय. मलाही टाईप 1 आहे, बरीच वर्षं सेन्सर वापरते. डॉक्टर नाही, त्यामुळे डोसबद्दल जे काही खाली येईल ते आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मी दिवसा 80 ठेवते, रात्री 75. पण तुमचा आकडा कदाचित वेगळा येईल.

70 पासून शुगर 'लो' धरतात आणि 54 च्या खाली ती गंभीर मानतात. म्हणून बरेच जण अलार्मही 70 वरच लावतात. पण अलार्म वाजल्यावर तुम्हाला हातातलं काम टाकायचंय, काहीतरी गोड खायचंय, आणि ते रक्तात उतरायला दहा-पंधरा मिनिटं जाणार आहेत. तेवढा वेळ हाताशी उरेल असा आकडा हवा. त्यात सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही. कातडीखाली पेशींच्या मधल्या जागेत असलेल्या द्रवातली मोजतो. शुगर भराभर उतरत असेल तर सेन्सर काही मिनिटं मागे असतो. स्क्रीनवर 70 दिसतंय आणि शुगरची दिशा दाखवणारा बाण खाली आहे, म्हणजे रक्तात बहुधा त्याहून कमी झालेलं असतं.

आता हिशेब करून बघा. बऱ्याच सेन्सरांत सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला 2 किंवा त्याहून जास्त उतार. त्या वेगाने 80 वरून 70 वर यायला पाच मिनिटं आणि 54 वर यायला तेरा. म्हणजे सरळ खाली बाण असताना 80 ला वाजलेला अलार्म जेमतेम वेळेवर वाजला. बाण आडवा असेल तर मात्र त्याच 80 ला काहीच करायचं नसतं, आणि घरच्यांना वैताग येतो तो याच अलार्मांचा.

म्हणून आधी बघा, तुमच्या सेन्सरमध्ये उताराचा वेग धरून आगाऊ सांगणारा अलार्म आहे का. डेक्सकॉम कंपनीच्या जी6 आणि जी7 सेन्सरांमध्ये 'अर्जंट लो सून' आहे: पुढच्या वीस मिनिटांत 55 वर जाणार असं दिसलं की तो वाजतो. तो चालू असेल तर साधा लो अलार्म 70 वर ठेवायला माझी हरकत नाही. तसा अलार्म नसेल तर 80 ठेवा, आणि आडव्या बाणाला वाजला तर बघून गप्प करा. शुगर 55 वर आली की वाजणारा तातडीचा अलार्म वेगळा, त्याच्या वाटेला जाऊ नका. डेक्सकॉममध्ये तो आकडा बदलताही येत नाही, आणि ते बरंच आहे.

काहींनी मात्र वरच राहावं. शुगर उतरली की घाम, थरथर, धडधड होते. पण पुष्कळ वर्षांच्या मधुमेहात किंवा वारंवार लो झाल्यावर ही लक्षणं बोथट होतात. तुम्हाला 60 ला सुद्धा काही जाणवत नसेल तर 85-90 ठेवा, मग कितीही वाजो. एकटे राहत असाल किंवा बराच वेळ गाडी चालवणार असाल तरीही तेच. काही आठवडे लो टाळता आल्या तर लक्षणं बऱ्याच जणांना पुन्हा जाणवायला लागतात, हाही एक फायदा. गरोदरपणाचं गणित वेगळं: तिथे ध्येयच 63 ते 140 असतं, 80 ठेवलं तर अलार्म दिवसभर थांबणार नाही. तो आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

रात्रीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माणसं अलार्म बंद करतात ती रात्रीच. सेन्सर असलेल्या दंडावर झोपलात की दाबामुळे आकडा एकदम कोसळतो आणि कूस बदलली की आपोआप वर येतो. आलेखात सरळ कड्यासारखा उतार दिसला आणि अंगात काही जाणवत नसेल, तर बोटातून तपासा. नव्या सेन्सरची पहिली रात्रही अशीच बेभरवशाची असते. बोटाची तपासणी सेन्सरशी जुळली तर मात्र लो खरीच आहे. अशी खरी लो रोज साधारण त्याच वेळी येत असेल तर अलार्म 80 चा 65 करून काय साधणार? दोष बेसल (दिवसरात्र संथ काम करणाऱ्या) इन्सुलिनचा, रात्रीच्या जेवणाच्या डोसचा किंवा संध्याकाळच्या व्यायामाचा असू शकतो. व्यायामानंतर शुगर कित्येक तासांनीही उतरते. दारू घेतली असेल तर यकृत साखर सोडायचं काम आखडतं घेतं, त्या रात्री आकडा वर ठेवा.

लो आली की 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या, 15 मिनिटं थांबा. तोवर सेन्सर खालीच दाखवत राहील. तो बघून पुन्हा पुन्हा खाल्लंत तर पहाटे 250 दिसेल. शंका आली तर बोट टोचा.

आकडा जमलाय का हे दोन आठवड्यांच्या रिपोर्टवर कळतं. 70 खालचा वेळ 4 टक्क्यांच्या आत आणि 54 खालचा 1 टक्क्याच्या आत हवा. वयस्कर माणसांसाठी 70 खालचा वेळसुद्धा 1 टक्क्याच्या आत. एवढं जमत असेल आणि झोपही होत असेल तर सेटिंगला हात लावू नका.

फोनची बॅटरी वाचवण्याची सोय बऱ्याचदा सेन्सरचं ॲप मागच्या मागे बंद करते, तिथून त्याला वगळा. सिग्नल तुटल्याचा अलार्मही चालू ठेवा, नाहीतर शांतता आहे म्हणून शुगर ठीक आहे असं धरून चालाल. घरच्यांच्या फोनवर तुमचे आकडे जात असतील तर त्यांचा अलार्म तुमच्यापेक्षा खाली, 60-65 ला लावा, आणि सोय असेल तर काही मिनिटं उशिरा वाजेल असा. म्हणजे तुम्ही उठला नाहीत तरच ते उठतील.