प्रीसेट वापरला म्हणून गाणं परकं होत नाही

सिंथेसायझरमध्ये आधीच बनवून दिलेले आवाज, म्हणजे तयार प्रीसेट, वापरले तर ते संगीत माझं म्हणायचं का, की मित्र म्हणतो तसा प्रत्येक आवाज शून्यापासून बनवायचा, असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं कीबोर्ड वाजवतोय. आधी गिरगावात गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, आता परळला घरच्या सेटअपवर. माझं मत स्पष्ट आहे: बिनधास्त वापरा, फक्त जसाच्या तसा ठेवू नका.

१९८३ च्या यामाहा डीएक्स७ या सिंथेसायझरवर नवा आवाज घडवणं इतकं किचकट होतं की बहुतेकांनी तयार आवाजच वाजवले. त्यातला इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातल्या कितीतरी संथ गाण्यांत आहे, तरी ती गाणी एकसारखी वाटत नाहीत. आपल्या मुंबईतले वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड टीबी-३०३ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र डिस्कोच्या ठेक्यावर रागांसाठी वापरलं. ते यंत्र बनवलं होतं बास गिटारची उणीव भरून काढायला!

खरी अडचण वेगळी आहे. प्रीसेट एकटा ऐकल्यावर लगेच आवडावा म्हणून बनवलेला असतो, त्यामुळे त्यात रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), खर्जाचा भरणा सगळं ठासून असतं. मागे एका अभंगाखाली मी असाच एक पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा मऊ आवाज, लावला. नुसता ऐकताना अंगावर काटा आला, पण तानपुरा आणि गायिका आल्यावर सगळा चिखल. प्रीसेट तोच ठेवला. त्याचा रिव्हर्ब बंद केला, २०० हर्ट्झखालचं कापलं, आवाजाची चमक कमी-जास्त करणारा कटऑफ थोडा खाली आणला. अटॅक, म्हणजे आवाज पूर्ण उमटायला लागणारा वेळ, वाढवला, तेव्हा पॅड तिच्या शब्दामागून हळूच उमलायला लागला. रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ, मात्र कमी केला, नाहीतर आधीचा स्वर पुढच्यावर सांडत होता. शेवटी कॉर्डमधला गंधार काढून नुसते सा आणि प ठेवले, आणि तिचा गंधार मोकळा झाला. तो आवाज आता त्या अभंगाचाच आहे, दुसरीकडे लावून पाहिला तर बसत नाही.

तुम्ही आवडता प्रीसेट घ्या, त्याचे इफेक्ट बंद करा आणि गाणं चालू ठेवूनच अटॅक, रिलीज, कटऑफ हलवा. एकटा लावून ठरवू नका. जमलेला आवाज लगेच सेव्ह करा. मी त्याला गाण्याच्या पहिल्या ओळीचं नाव देतो, म्हणजे वर्षभराने उघडला तरी सापडतो.