उंच माणसाला कॅबिन ट्रॅक्टर: स्टिअरिंगला शेवटी हात लाव, आधी सीट बघ

भावा, तुझी उंची ६ फूट २ इंच, नवीन कॅबिनचा ट्रॅक्टर घेतलास, चिकोडी भागात उसाच्या डबल ट्रॉल्या ओढतोस आणि मधी मधी रोटाव्हेटर. गुडघा स्टिअरिंगला घासतोय, संध्याकाळी कंबर धरतीय, आणि आता मूळचं स्टिअरिंग काढून लहान घालू का म्हणून विचारलंस. घालू नकोस. मी स्वतः ६ फूट १ इंच, खानापूर तालुक्यात भाताच्या चिखलणीपासून विटांच्या ट्रिपांपर्यंत सगळं केलंय, आणि माझ्या कंबरेची दोन वर्षं ह्याच नादात वाया गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं हे बघ की तुझी उंची आहे कुठं. मांडीत आहे का धडात? मी आणि माझा चुलतभाऊ उभं राहिलो की खांद्याला खांदा लागतोय, पण पाटावर बसलो की तो माझ्यापेक्षा चांगला चार बोटं वर दिसतोय. एकाच ट्रॅक्टरवर माझा गुडघा स्टिअरिंगला लागायचा आणि त्याचं डोकं छताला, त्याला समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीखालून वाकून बघायला लागायचं. दोघंही उंच, पण इलाज एकदम उलटा. मला सीट वर आणि मागं पाहिजे, त्याला सीट खाली आणि मागं पाहिजे. तुझा गुडघा घासतोय म्हणजे बहुतेक पाय लांब, पण बसून बघितल्याशिवाय ठरवू नकोस.

आता सीट. सस्पेन्शनवाली (खाली स्प्रिंग असलेली) सीट असेल तर खाली किंवा बाजूला वजनाचा नॉब असतोय, त्याला निम्मी माणसं आयुष्यात हात लावत नाहीत. माझं वजन तेव्हा ९० च्या वर आणि नॉब होता ६० वर, शोरूममधून आला तसाच. त्यामुळं सीट कायम खाली बसलेली, जरा खड्डा आला की ठप्पकन तळाला आपटायची. गंमत म्हणजे सीट अशी दबली की तू दीड दोन इंच खाली जातोस, म्हणजे गुडघा वर येतोय आणि सरळ स्टिअरिंगच्या रिंगखाली जातोय. म्हणजे दोष स्टिअरिंगचा नाहीच, सीट दबल्याचा आहे. नॉब फिरवून असा लाव की तू बसल्यावर सीट आपल्या खेळाच्या मधोमध राहिली पाहिजे, वर पण जागा, खाली पण जागा. आणि ह्यात नुसता आराम नाही, कंबरेचा प्रश्न आहे. आपलं बसलेलं शरीर सेकंदाला ४ ते ८ हेलकाव्यांच्या आसपास सगळ्यात जास्त हादरतंय, आणि ट्रॅक्टरचे शेतातले हादरे जवळपास त्याच भागात पडतात. चांगल्या सीटचं स्प्रिंग ह्याच्यापेक्षा सावकाश हलतंय म्हणून ती मधल्या मधी हादरा खाते. तळाला टेकलेली सीट काही खात नाही, सगळं मणक्यात येतंय.

नॉब झाला की मग उंची, मग पुढं मागं. क्लच पूर्ण खाली दाबून बघ, त्या टोकाला पण गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे आणि ढुंगण सीटवरून सरकायला नको. पाय लांब असलेल्या माणसाची सीट खाली राहिली की गुडघे कंबरेच्या वर जातात, मांडीला आधार राहत नाही, कमरेखालचं हाड मागं कलतंय आणि कमरेचा बाक निघून जातोय, मग दिवसभर तो कुबड काढून बसतोय आणि म्हणतोय गाडी खराब आहे.

माझी सीट रेलवरून, म्हणजे ती सरकते त्या पट्टीवरून, मागं जायची थांबली होती. ज्यांच्याकडनं गाडी घेतली ते म्हणाले एवढंच जातंय. शेवटी बेळगावात उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडं नेली. त्यानं सीट उचलून बाजूला ठेवली, रेलमधला वाळलेला चिखल आणि भुसा स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढला, आणि खालच्या प्लेटवर बोट ठेवून मला दाखवलं, भोकांच्या दोन जोड्या होत्या आणि सीट पुढच्या जोडीत बसवलेली! मी वर बसलेलो, तो खालनं सरकवतोय, ‘स्वल्प हिंदे, स्वल्प हिंदे’ म्हणजे कन्नडमध्ये जरा मागं, जरा मागं म्हणत, आणि जागेवर आल्यावर ‘साकु’, म्हणजे पुरे. दोन इंच मागं गेली. त्या दोन इंचात माझा गुडघा सुटला. तेव्हा आधी सीट काढून खालची प्लेट बघ, काही गाड्यांत अशी जादा भोकं असतात, काहींत नसतात. मागं घेतल्यावर हायड्रॉलिकचा लिव्हर हाताला येतोय का, मागची काच उघडताना अडतीय का, हे बघून घे. बोल्ट कंपनीच्याच ग्रेडचे घाल, डोक्यावर ८.८ लिहिलेलं असेल तर नवीन पण ८.८ च पाहिजे किंवा त्याच्या वरचा, कारण बऱ्याच गाड्यांत सीट बेल्ट सीटलाच धरलेला असतोय, गाडी उलटली तर सगळा भार त्या बोल्टावर. वर उचलायला प्लेट घालायची असेल तर दीड इंचाच्या वर जाऊ नकोस, आणि सीट उसळल्यावर डोकं छताला लागत नाही ना बघ.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, कॅबिनच्या खांबाला वेल्डिंग मारू नकोस, भोक पाडू नकोस. गाडी उलटल्यावर तुला वाचवणारा सांगाडा तोच आहे. वेल्डिंगच्या उष्णतेनं लोखंडाचा दम जातोय.

एवढं झाल्यावर स्टिअरिंग. टिल्टचा, म्हणजे स्टिअरिंग कलवायचा लिव्हर सोडून वर घेतलंस की मांडी मोकळी होते पण त्याबरोबर रिंग लांब पण जाते, मग तू पुढं वाकतोस. टेलिस्कोपिक असेल तर कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) आपल्याकडं ओढून घेता येतोय, दोन्ही मिळून जागा काढायची. खांदे सैल, कोपर वाकलेलं, मांडी आणि रिंगच्या मधी उभी मूठ बसली पाहिजे, आणि रिंगमधनं मीटर दिसला पाहिजे. लॉक बसल्याचा खटका ऐकू आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि चालत्या गाडीत कधी सोडायचं नाही. टिल्टच्या पिनेत खेळ आला असेल तर आधी बुश (पिनेभोवतीची गोल नळी) बदल, तसा खेळ ठेवून भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन निपाणीच्या हायवेवर अजून चालवूलालास तर ते बरोबर नाही.

लहान स्टिअरिंग नको म्हटलं त्याचं कारण, पॉवर स्टिअरिंग आहे तोवर हलकं लागतंय, पण उतारावर इंजिन बंद पडलं की पंपाचा दाब जातोय आणि नुसत्या हातानं फिरवायला लागतंय. तेव्हा मोठी रिंगच कामाला येते. मीटर झाकतंय ते वेगळंच.

आणि त्या जाड गाद्या. मी पण चार इंचाचा फोम घातला होता, पहिले दोन दिवस राजा झालो, नंतर कंबर जास्त दुखायला लागली. कारण मी वर गेलो पण पाठीचा आधार होता तिथंच, म्हणजे सीटच्या पाठीचा कमरेला टेकणारा फुगवटा आता कुल्ल्याला टेकायला लागला. त्यापेक्षा टॉवेल गुंडाळून कमरपट्ट्याच्या जरा वर पाठीमागं ठेव.

एसीचे झरोके आपल्यासारख्यांच्या डोक्याजवळच असतात, थेट मानेवर वारं घेऊ नकोस, तोंड काचेकडं फिरव. एसीचा फिल्टर सिझनमध्ये दर आठवड्याला झाड, ऊस तोडणीच्या धुळीनं लगेच भरतोय. कारखान्याच्या यार्डात लाईनीत असतोस तेव्हा सीटवर मान टाकून झोपू नकोस, खाली उतरून चार पावलं चाल.

आता असं कर, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बस आणि डोक्यापर्यंत मोजून घे, मग बसलेला असतानाच पार्श्वभागापासून गुडघ्यापर्यंत मोज. दोन्ही आकडे सांग, आणि सीटखालच्या प्लेटवर भोकं किती आहेत ते पण सांग, म्हणजे सीट किती मागं आणि किती वर घ्यायची ते सांगतो.