वाचकांचे प्रश्न: हॉकीचे स्केट्स दुकानातून की ऑनलाइन?

हिवाळी हंगामाच्या नावनोंदणीचे दिवस आले की कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी घरांतून आइस हॉकीच्या सामानाबद्दल पत्रं येतात. मूल आपलं, खेळ मात्र आपल्या बालपणात नसलेला, त्यामुळे आई-वडिलांना विचारायला घरात कुणी मोठं माणूस नसतं. या वेळच्या पत्रांतली पाच निवडली आहेत.

मुलगा ७ वर्षांचा आहे, यंदा पहिल्यांदाच हाउस लीगमध्ये घातलाय. ऑनलाइन पूर्ण किट एकत्र मिळतंय, स्केट्ससकट, आणि दुकानापेक्षा बरंच स्वस्त. घ्यावं का? शिवाय पायाला जरा वाढीव मापाचे स्केट्स घेतले तर दोन वर्षं चालतील ना? (एक आई, ब्रॅम्प्टन)

किट घ्या, पण स्केट्स आणि हेल्मेट त्यातून वगळा. या दोन वस्तू पाय आणि डोकं प्रत्यक्ष आत घालूनच घ्यायच्या. बाकी सगळं टेपने मोजून मागवता येतं, जुनंही चालतं.

वाढीव माप मात्र अजिबात नको. शाळेच्या बुटांत पुढे कापूस कोंबून वर्ष काढता येतं, स्केटमध्ये नाही. सैल बुटात टाच वर उचलली जाते, घोटा आत कलंडतो आणि मूल ब्लेडच्या कडेवर न राहता घोट्यावर चालायला लागतं. मग घरचे म्हणतात, याचे घोटे कमजोर आहेत. बहुतेक वेळा घोटे चांगले असतात, बूटच मोठा असतो.

दुकानात माप असं पाहा. पातळ मोजे घालून, नाड्या सैल ठेवून पाय आत घाला आणि बोटं पुढे पूर्ण टेकवा. टाचेमागे तुमची करंगळी जेमतेम शिरली तर साधारण अर्ध्या नंबरची वाढ शिल्लक आहे. मुलांसाठी तेवढी पुरे. दोन बोटं शिरली तर बूट परत ठेवा. मग टाच मागे आपटून नाड्या बांधा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोपीला हलकी लागावीत आणि गुडघे वाकवल्यावर जराशी मागे सरकावीत. गुडघे वाकवून टाच उचलायला सांगा; उचलली गेली तर माप चुकलं.

लांबी बरोबर असूनही बूट उथळ असू शकतो. तो पाहायला पेन्सिल लागते. नाड्या सोडून, जीभ पुढे ओढून, वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही कडांवर सपाट बसली पाहिजे. मध्ये पायाला टेकून डुगडुगली तर पाऊल जाड आहे आणि बुटाची खोली कमी. असा बूट नाड्या आवळल्यावर पायाच्या वरच्या शिरा दाबतो. ऑनलाइन मापाच्या तक्त्यात ही खोली सहसा दिलेली नसते, आणि स्केट्स दुकानातूनच घ्या म्हणण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

नव्या ब्लेडला बहुतेक वेळा खेळण्याजोगी धार नसते. दुकानात ती तिथेच लावून मिळते. ऑनलाइन घेतलेत तर आधी धार लावून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी मूल घसरत राहील आणि खेळावरूनच मन उडेल. दोन कडांमधल्या खोबणीचं माप इंचात सांगतात. १/२ हे नेहमीचं. हलक्या वजनाच्या नवख्या मुलाला कडा फार रुतल्या तर थांबता येत नाही, म्हणून ५/८, म्हणजे जरा उथळ खोबणी, मागितली तरी चालेल.

आता ऑनलाइन मागवण्याच्या वस्तू. नडगीचे पॅड इंचात येतात. मुलाला स्केट्स घालून बसवा, गुडघा काटकोनात वाकवा आणि वाटीच्या मध्यापासून स्केटच्या जिभेच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. पॅड लांब झाला तर बूट त्याला वर ढकलतो आणि वाटीवरची टोपी जागची हलते. आखूड झाला तर पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, नेमका उघड्या पट्टीवर लागतो. हॉकी पँटचा काठ गुडघ्यावर बसल्यावरही पॅडवर इंच-दोन इंच चढलेला हवा. कोपराचे पॅड खांद्याच्या पॅडची बाही आणि ग्लोव्हची कड यांच्यातली जागा भरतात, म्हणून ते शेवटी घ्या, बाकीचं अंगावर चढवून. जॉक, म्हणजे जांघेचं संरक्षण, मात्र नवाच घ्या.

स्टिक घेताना तीन गोष्टींत फसगत होते. उंची: अनवाणी उभं राहिल्यावर नाकापर्यंत, स्केट्सवर हनुवटीपर्यंत. लवचीकपणाचा आकडा वजनाच्या, म्हणजे पौंडांतल्या वजनाच्या, साधारण निम्मा: २५ किलोचं मूल म्हणजे ५५ पौंड, त्याला २५ ते ३० च्या आसपास. तिसरी गोष्ट डावी-उजवी. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा उजवा हात खाली असतो, म्हणून आपण सवयीने उजवी स्टिक मागवतो. पण उजव्या हाताची कितीतरी मुलं इथे उजवा हात वर धरून डावी स्टिक वापरतात, कारण एका हाताने स्टिक सांभाळायची वेळ आली की वरचाच हात कामाला येतो. मागवण्याआधी मुलाच्या हातात लांब दांड्याचा झाडू द्या आणि काही न सांगता झाडायला लावा. कुठला हात खाली जातो ते दिसेल.

वय ३८. प्रौढांच्या शिकाऊ वर्गासाठी ऑनलाइन स्केट्स मागवले. भारतात माझा बुटाचा नंबर ८, म्हणून ८ च घेतले. २० मिनिटांत तळव्याला कळ येते, बोटं बधिर होतात, तरी टाच हलते. काय चुकलं? (कॅलगरी)

भारतातला ८ हा ब्रिटिश पद्धतीचा नंबर. अमेरिकी पद्धतीत तो पुरुषांचा ९ होतो. हॉकीचे स्केट्स अमेरिकी बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान घेतात. म्हणजे तुमचं माप साडेसात ते ८ च्या आसपास पडतं. ८ फार चुकलेलं नाही, पण टाच हलते आहे म्हणजे साडेसात घालून पाहायला हवा होता.

बोटं बधिर होणं आणि टाच हलणं एकत्र दिसलं की बहुधा एकच साखळी असते. टाच सुटते म्हणून माणूस नाड्या करकचून आवळतो, आवळल्याने पावलाचा पुढचा भाग दबतो आणि तोल सावरायला बोटं आत वळवून घट्ट धरल्याने तळवा दुखतो. एक साधी परीक्षा घरी करा. बुटातला आतला तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि टाच त्याच्या टाचेवर बसवून उभे राहा. बोटांपुढे बोटभर जागा उरली तर बूट लांब. पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर आलं तर बूट अरुंद. अरुंद असेल तर नंबर वाढवू नका, रुंदी वाढवा. पूर्वी डी आणि ईई अशी अक्षरं असत. आता स्केट्स बनवणाऱ्या कंपन्यांपैकी बाउअर फिट १, २, ३ म्हणते आणि सीसीएम टेपर्ड, रेग्युलर, वाइड.

परत करायचे असतील तर त्यांना धार लावू नका आणि तापवून घेऊ नका. या दोनपैकी एक झालं की बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. हेच तुम्ही दुकानातून घेतले असते तर तिथे मापाच्या दोन-तीन जोड्या घालून मग भट्टीत तापवून पायाला बसवून दिले असते. तापवणं म्हणजे साधारण ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटं बूट मऊ करायचा, पाय घालून नाड्या बाहेरच्या बाजूला न खेचता पुढच्या दिशेने ओढून बांधायच्या आणि १०-१५ मिनिटं न चालता बसून राहायचं. त्यानंतर एक दिवस बर्फावर उतरायचं नाही. घरच्या ओव्हनचा प्रयोग करू नका: तापमान वरखाली होतं, तापलेली सळई जवळ असते आणि बुटाचा गोंद सुटतो. तापवल्याने दाब देणारी जागा मऊ होते, लांबी कमी होत नाही. मोठा बूट तापवला तरी मोठाच राहतो.

तोवर नाड्या अशा बांधा: बोटांजवळ सैल, पावलाच्या मध्यावर घट्ट, घोट्याजवळ पुन्हा जरा मोकळ्या, गुडघा पुढे वाकू शकेल इतक्या.

कॅनडातल्या भावाच्या मुलाचं हेल्मेट अगदी नव्यासारखं आहे, माझ्या मुलीसाठी आणू का? गळ्याचं संरक्षण खरंच लागतं का? (एडिसन, न्यू जर्सी)

हेल्मेटच्या मागच्या बाजूला स्टिकर पाहा. अमेरिकेत एचईसीसी या हॉकीच्या सामानाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का लागतो आणि त्याची मुदत तयार झाल्याच्या तारखेपासून साडेसहा वर्षं असते. जाळीवरही तो वेगळा असतो, तोही पाहा. कॅनडात सीएसए या तिथल्या मानक संस्थेचा शिक्का चालतो. पुष्कळ हेल्मेटांवर दोन्ही असतात, पण स्टिकर खरवडलेलं किंवा रंग दिलेलं हेल्मेट पंच मैदानात येऊ देत नाहीत. ऑनलाइन बाजारात फक्त युरोपचा सीई शिक्का असलेली हेल्मेटं स्वस्त मिळतात, ती इथे उपयोगाची नाहीत.

मुदत शिल्लक असेल आणि हेल्मेट कधी जोरात आपटलेलं नसेल तर वापरायला हरकत नाही. पण ते तिच्या डोक्यावर बसतं का हा खरा प्रश्न. भुवयांच्या वर इंचभर टेप गुंडाळून घेर मोजा. हेल्मेटची कड भुवईच्या वर एक-दोन बोटं असावी. पट्टा न लावता डोकं हलवलं तर हेल्मेट कातडीसोबत हललं पाहिजे, त्यावरून घसरायला नको. पट्टा आणि हनुवटीत एक बोट मावेल इतकंच अंतर.

गळ्याचं संरक्षण लागतंच. १ ऑगस्ट २०२४ पासून यूएसए हॉकी या अमेरिकेतल्या हॉकी संघटनेने मुला-मुलींच्या गटांत ते सक्तीचं केलं आहे. कॅनडात लहान मुलांना त्याच्या आधीपासूनच बीएनक्यू (क्युबेकची मानक संस्था) शिक्क्याचा गळपट्टा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये सामना चालू असताना ॲडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला स्केटचं ब्लेड लागून मृत्यू झाला, तेव्हापासून मोठ्यांनीही हे गांभीर्याने घ्यायला सुरुवात केली. ही वस्तू स्वस्त आहे. नवीच घ्या, लेबल कापू नका, आणि मुलगी टोचतं म्हणून काढून टाकत असेल तर गळपट्टा जोडलेला आतला शर्ट घेऊन पाहा.

वापरलेले स्केट्स घेताना काय तपासावं? आणि अमेरिकेतून मागवले तर खरंच स्वस्त पडतात का? (मिसिसागा)

मुलांचे पाय एका हंगामात वाढून स्केट्स लहान होतात, म्हणून किजिजी या जाहिरातींच्या संकेतस्थळावर किंवा प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारख्या दुकानात कमी वापरलेली जोडी मिळते. बूट घोट्याजवळ दोन्ही हातांनी दाबा; सहज आत गेला तर मेला. ब्लेडची उंची पुढे, मध्ये, मागे पाहा. धार लावून लावून एका टोकाला पोलाद खाल्लं गेलं असेल तर ब्लेडचा बाक बिघडलेला असतो आणि मूल सतत पुढे किंवा मागे पडतं. ब्लेड बदलता येतं, पण त्याचा खर्च किमतीत धरा. ब्लेड धरणाऱ्या प्लास्टिकला चीर आहे का, तळाचे रिव्हेट हलतात का तेही बघा. दुसऱ्याच्या पायावर तापवलेला बूट पुन्हा तापवता येतो, पण एकदा बसलेली जीभ आणि झिजलेलं अस्तर परत येत नाही.

अमेरिकेतून कुरियरने आलेल्या पार्सलवर ४० कॅनेडियन डॉलरच्या वर कर आणि १५० डॉलरच्या वर आयातशुल्क लागू होतं. ऑन्टारिओत कर १३%. शुल्क माल कुठून निघाला यावर नाही, कुठे तयार झाला यावर ठरतं, आणि बरेचसे स्केट्स आशियात बनतात. त्यावर कुरियर कंपनीची सोडवणुकीची फी. माप चुकलं तर परत पाठवण्याचा खर्चही तुमचाच. हे सगळं जोडून मगच दुकानाच्या किमतीशी ताडून पाहा. त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये जवळच्या दुकानात जा; हंगाम संपतो आणि आधीच्या वर्षीची मॉडेलं सवलतीत निघतात. पण हे मोठ्यांसाठी. मुलाच्या पायाचं सप्टेंबरचं माप मार्चमध्ये सांगता येत नाही.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट: चालताना घालायचं कडक प्लास्टिकचं आवरण पिशवीत ब्लेडवर तसंच ठेवू नका. आत पाणी राहतं आणि ब्लेड गंजतं. पुसा, कापडी आवरण घाला.

भाचा पुण्यात इनलाइन हॉकी खेळतो. टोरंटोहून बहीण स्केट्स आणणार आहे. काय सांगू? (पुणे)

भाच्याचं पाऊल कागदावर उभं राहून आखा आणि टाचेपासून लांब बोटापर्यंत, तसंच सर्वांत रुंद जागी, सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं मोजा, संध्याकाळी. भारतीय नंबर सांगू नका. हॉकीच्या इनलाइन स्केट्सना मागे ब्रेक नसतो, तो तुटला म्हणून घाबरू नका.

चाकांवर आकडा आणि ए लिहिलेलं असतं. ७२ ते ७६ ए ही मऊ चाकं आतल्या गुळगुळीत फरशीसाठी. रिंक सिमेंटची आणि उघड्यावर असेल तर ती लवकर झिजून जातील. बहिणीला ८२ ए किंवा त्याहून कडक चाकांचा एक जास्तीचा संच आणायला सांगा, व्यास सध्याच्या चाकांइतकाच. बेअरिंगं मात्र तिकडून आणू नका. ती ६०८ क्रमांकाची असतात, आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर, आणि पुण्यातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात.